बँक हमीपत्र

बँकेच्या ग्राहकाने दुसऱ्या पक्षाशी केलेला करार पाळला नाही किंवा त्याचे देणे चुकते केले नाही, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतची रक्कम त्या पक्षास देण्याचे बँकेचे लेखी अभिवचन. कर्जव्यवहारात बँक प्रत्यक्ष पैसा पुरविते. हमीपत्र देताना ती प्रथम केवळ आपली पत उसनी देते. ग्राहकाने करार नीट पार पाडल्यास बँकेला एक पैसाही द्यावा लागत नाही व मुदत संपताच हमीपत्र निकामी होते. अशी बहुसंख्य हमीपत्रे न वटताच परत येतात. मात्र जी वटविली जातात, त्यांच्यामुळे ग्राहकाचा व्यवसाय एका दिवसात अडचणीत येऊ शकतो.

या व्यवहारात तीन पक्ष असतात : ज्याच्या विनंतीवरून हमीपत्र दिले जाते तो अर्जदार (कंत्राटदार, पुरवठादार, आयातदार इ.), हमी देणारी बँक व ज्याच्या नावे हमीपत्र लिहिले जाते तो हिताधिकारी (सरकारी खाते, महामंडळ, खरेदीदार इत्यादी). त्यांच्यात तीन स्वतंत्र करार होतात. अर्जदार व हिताधिकारी यांच्यातील मूळ करार हा पहिला. बँकेला द्यावी लागणारी रक्कम भरून देण्याचा अर्जदाराने बँकेशी केलेला क्षतिपूर्तीचा करार हा दुसरा. आणि बँक व हिताधिकारी यांच्यातील प्रत्यक्ष हमीपत्र हा तिसरा. पहिल्या करारातील तंट्याचा तिसऱ्या करारावर परिणाम होऊ द्यावयाचा नाही, हे आधुनिक हमीपत्राचे मूलतत्त्व होय. त्यास स्वायत्ततेचे तत्त्व असे म्हणतात.

हमीपत्राची गरज : एकमेकांची फारशी ओळख नसलेले दोन पक्ष मोठा करार करतात, तेव्हा दोघांपुढेही अडचण असते. काम देणाऱ्यास कंत्राटदार मध्येच काम सोडून जाईल अशी भीती असते. कंत्राटदारास आपले पैसे विनाकारण अडकून पडतील अशी धास्ती असते. रोख अनामत रक्कम घेतल्यास पहिल्याचे समाधान होते, परंतु दुसऱ्याचे खेळते भांडवल अडकून पडते. हमीपत्रामुळे अनामतीचे काम रोख रकमेवाचून होते. त्याचबरोबर आणखी एक महत्त्वाची गोष्ट साधते. करारातून तंटा उद्‌भवल्यास त्याचा निकाल लागण्यास अनेक वर्षे लागतात. या काळात वादातील रक्कम कोणाच्या हाती राहावी, हे हमीपत्राच्या शब्दांवरून आधीच ठरलेले असते. बिनशर्त हमीपत्र असल्यास ती हिताधिकाऱ्याच्या हाती जाते व ती परत मिळविण्यासाठी झगडण्याचा भार अर्जदारावर पडतो. ‘आधी पैसे, मग वाद’ या सूत्रात हमीपत्राचे व्यापारी मर्म सामावलेले आहे.

इतिहास : दुसऱ्याच्या वतीने जामीन राहण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत व्यक्तीला हजर करणे, तिच्याविषयी विश्वास देणे आणि तिचे देणे फेडणे या तीन बाबींसाठी प्रतिभू म्हणजे जामीन घेता येतो, असे सांगितले आहे. मराठेशाहीच्या व्यवहारातील ‘हाजिरजामीन’ व ‘मालजामीन’ हे शब्द याच भेदाचे द्योतक होत. पहिला व्यक्तीच्या उपस्थितीची, तर दुसरा रकमेची जबाबदारी घेई. हे जामीन व्यक्तिगत ओळखीवर व गावातील प्रतिष्ठेवर आधारलेले असत. व्यापाराचा व्याप वाढल्यावर दूरच्या पक्षास अशा ओळखीचा उपयोग होईना; तेव्हा सर्वत्र मान्यता असलेल्या बँकेची पत तिच्या जागी आली.

पैशाच्या पहिल्या मागणीवर वटणारे हमीपत्र मात्र तुलनेने अलीकडचे आहे. १९७३ मधील खनिज तेलाच्या दरवाढीनंतर पश्चिम आशियातील व उत्तर आफ्रिकेतील तेलउत्पादक देशांनी रस्ते, बंदरे, वसाहती व कारखाने यांची मोठमोठी कंत्राटे परदेशी कंपन्यांना दिली. सौदाशक्ती त्यांच्या बाजूस असल्याने त्यांनी बिनशर्त हमीपत्रांचा आग्रह धरला. भारतीय अभियांत्रिकी कंपन्याही याच काळात इराक, लिबिया, कुवेत इ. देशांत कामे घेऊ लागल्या. अमेरिकेत बँकांना दुसऱ्याच्या देण्याची हमी घेण्यास कायद्याने परंपरेने अटकाव असल्यामुळे तेथे हेच कार्य ‘स्टँडबाय’ प्रकारच्या पतपत्राद्वारे साधण्यात येऊ लागले. नेहमीचे पतपत्र व्यवहार सुरळीत पार पडल्यावर पैसे देण्यासाठी असते. स्टँडबाय पतपत्र मात्र व्यवहार बिघडल्यावर उपयोगात येते (⟶ पतपत्र).

कायदेशीर स्वरूप : भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ मध्ये हमीच्या कराराची व्याख्या आहे. तिसऱ्या व्यक्तीने कसूर केल्यास तिचे अभिवचन पार पाडण्याचा किंवा तिचे दायित्व फेडण्याचा करार म्हणजे हमीचा करार. कलम १२८ नुसार, करारात अन्यथा ठरले नसल्यास, हमीदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते. पैसे दिल्यानंतर हमीदारास धनकोचे हक्क प्राप्त होतात (कलम १४०) व योग्य रीत्या दिलेली रक्कम त्याला ऋणकोकडून वसूल करता येते (कलम १४५). बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ६ अन्वये हमी व क्षतिपूर्तीचे व्यवहार करण्याची मुभा बँकांना आहे.

१८७२ च्या अधिनियमातील तरतुदींचा कल हमीदाराला संरक्षण देण्याकडे आहे. उदा., हमीदाराच्या संमतीवाचून मूळ करारात फेरफार केल्यास त्यानंतरच्या व्यवहारांपुरता तो जबाबदारीतून मुक्त होतो (कलम १३३). बँक हमीपत्रांच्या छापील मसुद्यांत या संरक्षणांचा त्याग करणारी कलमे कटाक्षाने घातलेली असतात. कामास मुदतवाढ दिली, नकाशे बदलले किंवा कंत्राटदारास सवलत दिली, तरी बँकेची जबाबदारी कायम राहील, असे त्यांत म्हटलेले असते. त्यामुळे व्यवहारात हमीपत्राचा अर्थ अधिनियमापेक्षा त्याच्या स्वतःच्या शब्दांवरून अधिक ठरतो.

बिनशर्त व सशर्त हमीपत्रे : ‘कोणतीही हरकत न घेता, केवळ मागणी करताच’ रक्कम देण्याचे अभिवचन असलेले हमीपत्र बिनशर्त होय. त्यात कसूर झाली किंवा नाही, नुकसान किती झाले, याची चौकशी बँकेने करावयाची नसते. याउलट न्यायालयाचा किंवा लवादाचा निर्णय, अभियंत्याचा दाखला अथवा विशिष्ट कसूर झाल्याचे विधान सादर करण्याची अट असल्यास हमीपत्र सशर्त ठरते. मथळ्यात ‘बिनशर्त’ हा शब्द असला म्हणजे ते तसे असतेच असे नाही. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयापुढे १९९९ मध्ये आलेल्या हमीपत्रात ‘बिनशर्त’ व ‘अपरिवर्तनीय’ हे शब्द होते. परंतु मूळ करारातील विशिष्ट कलमाखालील जबाबदारी पार पाडली नसल्यास रक्कम द्यावी, असाही उल्लेख होता. त्यामुळे ते पूर्णतया बिनशर्त नाही, असे न्यायालयाने ठरविले. शिवाय हमीपत्रात मुख्य अभियंत्याचा निर्देश असताना मागणी कार्यकारी अभियंत्याने केली होती. तीही ग्राह्य ठरली नाही. हमीपत्र जसे लिहिले असेल तसेच ते वटविले पाहिजे, हे तत्त्व या निर्णयात स्पष्ट झाले.

प्रकार : हमीपत्रांचे वित्तीय व कार्यपालनविषयक असे दोन मुख्य वर्ग पडतात. पहिल्यात ठराविक पैसे देण्याच्या जबाबदारीची, तर दुसऱ्यात ठराविक काम करण्याच्या जबाबदारीची हमी असते. बँक मात्र दोन्हींत केवळ पैसेच देते, कंत्राटदाराचे अपुरे काम ती स्वतः पुरे करून देत नाही. उपयोगानुसार पुढील प्रकार रूढ आहेत : (१) निविदा हमीपत्र : निविदा मंजूर झाल्यावर ती भरणाऱ्याने माघार घेऊ नये म्हणून बयाणा रकमेऐवजी दिले जाते. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये या सुरक्षेचे प्रमाण खरेदीच्या अंदाजित मूल्याच्या २ ते ५ टक्के ठरविण्यात आले. (२) कार्यपालन हमीपत्र : काम कराराप्रमाणे पुरे होण्यासाठी. याच नियमांत त्याचे प्रमाण मूलतः कराराच्या किंमतीच्या ५ ते १० टक्के होते. कोविड-१९ च्या साथीमुळे कंत्राटदारांना भासणारी पैशाची टंचाई लक्षात घेऊन नोव्हेंबर २०२० मध्ये ते काही काळासाठी ३ टक्क्यांवर आणण्यात आले. (३) आगाऊ रकमेचे हमीपत्र : यंत्रे व मजूर जमविण्यासाठी कंत्राटदारास दिलेल्या उचलीच्या परतफेडीसाठी. (४) रोखलेल्या रकमेचे हमीपत्र : प्रत्येक देयकातून दोषदुरुस्तीसाठी कापून ठेवावयाची रक्कम कंत्राटदारास मोकळी करून मिळावी म्हणून. (५) विलंबित देयता हमीपत्र : हप्त्यांनी घेतलेल्या यंत्रसामग्रीच्या किंमतीसाठी. (६) जहाजविषयक हमीपत्र : माल बंदरात पोहोचला, पण भरणपत्र अद्याप हाती आले नाही, अशा वेळी जहाज कंपनीकडून माल सोडवून घेण्यासाठी. (७) सीमाशुल्क, अबकारी व न्यायालयीन हमीपत्रे : वादग्रस्त कर किंवा हुकूमनाम्याची रक्कम यांसाठी.

परदेशी व्यवहारांत बहुधा चौथा पक्ष येतो. परदेशी खरेदीदारास आपल्या देशातील बँकेचेच हमीपत्र हवे असते. तेव्हा निर्यातदाराची बँक त्या परदेशी बँकेस प्रतिहमी देते व तिच्या बळावर परदेशी बँक हमीपत्र काढते. मागणी आल्यास पैसे या साखळीतून उलट दिशेने वसूल होत जातात व अखेरचा भार निर्यातदारावर पडतो. भारतात १९५७ मध्ये निर्यात जोखीम विमा महामंडळ म्हणून स्थापन झालेली व पुढे ईसीजीसी या नावाने ओळखली जाऊ लागलेली मुंबईतील संस्था अशा हमीपत्रांबाबत बँकांना संरक्षण देते. १९८२ मध्ये स्थापन झालेली भारतीय निर्यात-आयात बँकही प्रकल्प-निर्यातदारांसाठी हमीपत्रे देते.

कार्यपद्धती : हमीपत्रासाठी अर्ज आल्यावर बँक कर्जाप्रमाणेच ग्राहकाची छाननी करते. त्याची आर्थिक स्थिती, हाती असलेली कामे, पूर्वीचा अनुभव, मूळ कराराच्या अटी व हमीपत्राचा मसुदा तपासून मर्यादा मंजूर केली जाते. त्यानंतर ग्राहकाकडून रकमेचा काही भाग मुदत ठेवीच्या रूपाने ‘मार्जिन’ म्हणून घेतला जातो; उरलेल्या भागासाठी स्थावर किंवा अन्य तारण व क्षतिपूर्तीचा करार घेतला जातो. संचालकांची व्यक्तिगत हमीही बहुधा मागितली जाते. हमीपत्र राज्याच्या मुद्रांक कायद्यानुसार योग्य मुद्रांकावर लिहिले जाते. त्यात कमाल रक्कम, मुदत, दावा करण्याची अखेरची तारीख व मागणी कोणी आणि कोणत्या शाखेत करावयाची, हे स्पष्ट असणे आवश्यक असते. बँक यासाठी हमीच्या रकमेवर व मुदतीवर आधारित कमिशन आकारते. बनावट हमीपत्रे टाळण्यासाठी हिताधिकाऱ्याने ग्राहकाच्या हातून आलेल्या कागदावर विसंबून न राहता हमीपत्राची सत्यता बँकेकडून परस्पर पडताळून घ्यावयाची असते. बँकांमधील सुरक्षित संदेशप्रणालीद्वारे ही खातरजमा करता येते.

या व्यवहाराचा आर्थिक परिणाम एका काल्पनिक उदाहरणावरून लक्षात येईल. समजा, एका कंत्राटदारास कालव्याचे १० कोटी रुपयांचे काम मिळाले. त्याने ५ टक्के म्हणजे ५० लाख रुपयांचे कार्यपालन हमीपत्र व १ कोटी रुपयांच्या उचलीसाठी तेवढ्याच रकमेचे दुसरे हमीपत्र दिले. बँकेने एकूण १.५ कोटी रुपयांवर २० टक्के मार्जिन घेतल्यास त्याचे ३० लाख रुपये ठेवीत अडकतात. दरसाल दीड टक्का कमिशन धरल्यास वर्षाला २.२५ लाख रुपये खर्च येतो. काम निम्म्यावर आले असता जमीन संपादन रखडले व तंटा झाला. तोपर्यंत देयकांतून ६० लाखांची उचल फिटली आहे. परतफेडीच्या प्रमाणात हमीची रक्कम कमी होत जाईल, असे कलम दुसऱ्या हमीपत्रात घातले असेल, तर त्याखालील दायित्व ४० लाख रुपये उरते. ते घातले नसल्यास दर्शनी रक्कम १ कोटीच राहते. हे कलम आहे असे धरले, तरी दोन्ही हमीपत्रे वटविल्यास बँकेस ९० लाख रुपये द्यावे लागतात. मार्जिनचे ३० लाख वळते करून उरलेले ६० लाख रुपये कंत्राटदाराच्या नावे सव्याज कर्ज म्हणून पडतात. ते ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास त्याचे खाते अनुत्पादक ठरते व त्याच्या इतर कामांसाठीची पतही गोठते. दोष खात्याचा होता की कंत्राटदाराचा, हा प्रश्न यानंतर लवादापुढे येतो. निकाल कंत्राटदाराच्या बाजूने लागला, तरी तोवर त्याचा व्यवसाय टिकून राहिलेला असेलच असे नाही.

रक्कम देण्याचे बंधन व त्याचे अपवाद : हमीपत्राची मागणी झाल्यावर अर्जदार पुष्कळदा न्यायालयाकडे मनाई हुकूम मागतो. या प्रश्नावरील प्रमुख निर्णय इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १९७७ मध्ये एडवर्ड ओवेन विरुद्ध बार्कलेज बँक या खटल्यात दिला. एका इंग्लिश कंपनीने लिबियात काचगृहे पुरवून उभारण्याचा करार केला होता व किंमतीच्या दहा टक्के रकमेची हमी बँकांच्या साखळीतून दिली होती. खरेदीदाराने ठरल्याप्रमाणे पतपत्र उघडले नाही म्हणून कंपनीने काम पुढे नेले नाही. तरीही हमीच्या रकमेची मागणी झाली. सकृद्दर्शनी कसूर खरेदीदाराची दिसत असूनही न्यायालयाने मनाई नाकारली. बँकेला पुरवठादार व ग्राहक यांच्यातील संबंधांशी कर्तव्य नाही. स्वतःला स्पष्टपणे ज्ञात असलेले कपट एवढाच तिच्यापुढील अपवाद होय, असे न्यायमूर्तींनी म्हटले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्वीकारली. उत्तर प्रदेशात वनस्पती तुपाचा कारखाना उभारण्याच्या करारातून निघालेल्या यू. पी. को-ऑपरेटिव्ह फेडरेशन विरुद्ध सिंग कन्सल्टंट्स या प्रकरणी (१९८७) १६.५ लाख व ३३ लाख रुपयांची दोन हमीपत्रे होती. उच्च न्यायालयाने दिलेली मनाई रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बँकांच्या अभिवचनांत न्यायालयांनी ऊठसूट हस्तक्षेप केल्यास देशातील व परदेशी व्यापाराचा विश्वासच ढासळेल. या व नंतरच्या निर्णयांतून दोन अपवाद स्थिर झाले : एक, व्यवहाराच्या मुळावरच आघात करणारे व बँकेला ज्ञात असलेले उघड कपट, दुसरा, कधीही भरून न येणारा अन्याय. दुसऱ्या अपवादाची कसोटी कठोर आहे. यू. पी. स्टेट शुगर कॉर्पोरेशन विरुद्ध सुमॅक इंटरनॅशनल (१९९६) या खटल्यात हिताधिकारी महामंडळ आजारी उद्योग म्हणून नोंदले गेले असल्याने दिलेले पैसे परत मिळणार नाहीत, असा युक्तिवाद होता. तो अमान्य झाला. न्यायालयाने त्यासाठी अमेरिकेतील आयटेक खटल्याचे उदाहरण दिले. तेथे १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर इराणच्या न्यायालयात दाद मागण्याचा मार्गच अमेरिकन कंपनीला उरला नव्हता. नुसती गैरसोय किंवा वसुलीची अडचण पुरेशी नाही. दाद मिळणे अशक्य झाले आहे, हे सिद्ध व्हावे लागते.

या कठोरपणामुळे प्रामाणिक कंत्राटदारांवर कधीकधी अन्याय होतो, हे नाकारता येत नाही. ‘मुदत वाढवा, नाहीतर पैसे द्या’ अशी मागणी करून हिताधिकारी काम संपल्यावरही हमीपत्रे जिवंत ठेवतात. मागणीच्या धाकाने कंत्राटदाराचे वाजवी दावे मागे घ्यावयास लावल्याच्या तक्रारीही होतात. परंतु बँकेने प्रत्येक मागणीच्या वेळी वादाचा निवाडा करावयाचा ठरविल्यास हमीपत्र आणि साधा जामीन यांत भेद राहणार नाही व हिताधिकारी पुन्हा रोख अनामत मागू लागतील. त्याचा फटका मुख्यतः लहान कंत्राटदारांनाच बसेल. म्हणून अर्जदाराचे खरे संरक्षण न्यायालयाच्या दारात नसून हमीपत्र लिहिले जाण्यापूर्वी मसुद्यावर होणाऱ्या वाटाघाटींत असते. रक्कम उत्तरोत्तर कमी होण्याचे कलम, मागणीसोबत कसुरीचे लेखी विधान, मागणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा निश्चित हुद्दा व मुदतीची ठाम तारीख या चार बाबी त्यात सर्वांत महत्त्वाच्या होत.

मुदत : हमीपत्राची मुदत म्हणजे कसूर ज्या काळात घडली पाहिजे तो काळ, दावा-मुदत म्हणजे बँकेकडे मागणी पोहोचविण्याचा काळ, आणि दावा नाकारल्यावर न्यायालयात जाण्याची कालमर्यादा ही तिसरी बाब. या तिन्हींची गल्लत होते. मुदत अधिनियम, १९६३ नुसार खाजगी पक्षास करारावरील दाव्यासाठी सामान्यतः तीन वर्षे, तर सरकारला तीस वर्षे मिळतात. पूर्वी हमीपत्रांतील कलमांनी ठराविक काळानंतर हक्कच नष्ट होईल असे ठरविता येई. संविदा अधिनियमाच्या कलम २८ मधील दुरुस्तीमुळे ८ जानेवारी १९९७ पासून अशी कलमे निरर्थक ठरली. त्यामुळे बँकांवरील दायित्व दीर्घकाळ टांगते राहू लागले. ते मर्यादित करण्यासाठी बँकिंग कायद्यांच्या २०१२ च्या दुरुस्ती अधिनियमाद्वारे २०१३ मध्ये तिसरा अपवाद जोडला गेला. त्यानुसार बँक व वित्तसंस्था आपल्या हमीपत्रात ठराविक घटनेपासून किमान एक वर्षाचा अवधी ठेवून त्यानंतर हक्क संपुष्टात येईल, अशी अट घालू शकतात. हा अपवाद न्यायालयात हक्क बजावण्याच्या काळाशी संबंधित आहे, दावा-मुदत किमान एक वर्षाची असलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही, असा खुलासा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केला.

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये एखाद्या कंपनीविरुद्ध कार्यवाही सुरू होऊन वसुलीस स्थगिती मिळाली, तरी तिच्या वतीने हमीदार राहिलेल्यास ती लागू होत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट करण्यात आले. बँकेची पत ऋणकोच्या पतीपासून वेगळी मानण्याचे तत्त्व येथेही दिसते.

आंतरराष्ट्रीय नियम : पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९७८ मध्ये करार-हमीपत्रांसाठी समान नियम तयार केले. अन्याय्य मागण्यांना आळा घालण्यासाठी त्यांत न्यायालयाचा किंवा लवादाचा निर्णय अथवा अर्जदाराची लेखी संमती सादर करण्याची अट होती. हिताधिकाऱ्यांना ती मान्य न झाल्याने हे नियम फारसे रूढ झाले नाहीत. मंडळाने १९९२ मध्ये मागणी-हमीपत्रांसाठी नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांत मागणीसोबत अर्जदाराने कोणती कसूर केली, याचे लेखी विधान पुरेसे मानले गेले. त्यांची सुधारित आवृत्ती १ जुलै २०१० पासून अंमलात आली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९९५ रोजी स्वीकारलेला स्वतंत्र हमीपत्रे व स्टँडबाय पतपत्रे यांविषयीचा अभिसंधी १ जानेवारी २००० पासून अंमलात आला.

बँकेची जोखीम : हमीपत्राची रक्कम बँकेच्या ताळेबंदात कर्ज म्हणून न दिसता संभाव्य देयता म्हणून नोंदली जाते. पैसा प्रत्यक्ष बाहेर जात नसल्याने हा व्यवहार बिनखर्चाचा वाटतो. धोक्याचे मूळ येथेच आहे. बँकांच्या भांडवल-पर्याप्ततेच्या नियमांत वित्तीय हमीपत्रांची पूर्ण, तर कार्यपालन हमीपत्रांची निम्मी रक्कम कर्जासमान धरण्याची पद्धत त्यामुळे स्वीकारली गेली. योग्य मागणी होताच विलंब न लावता रक्कम द्यावी व हमीपत्रांवर पुरेशी अंतर्गत तपासणी ठेवावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने वेळोवेळी दिले आहेत. नोंदीवाचून दिलेली पत किती घातक ठरते, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील शाखेच्या प्रकरणावरून दिसले. तेथे ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ या हमीसदृश पत्रांचे संदेश बँकेच्या मुख्य लेखाप्रणालीत नोंद न करताच परदेशांतील शाखांना पाठविण्यात आले होते. त्यानंतर १३ मार्च २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने आयात-पतपुरवठ्यासाठी अशी पत्रे देण्याची प्रथा बंद केली. पतपत्रे व हमीपत्रे मात्र नियमांच्या अधीन राहून चालू ठेवली.

नवे प्रवाह : २०२२ पासून भारतात इलेक्ट्रॉनिक हमीपत्रे प्रचारात येऊ लागली. नॅशनल ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस या संस्थेच्या व्यासपीठावर त्यांचा मसुदा, मुद्रांक, सही व पडताळणी ही सर्व कामे होत असल्याने कागदी हमीपत्राला लागणारा वेळ व बनावटीचा धोका कमी होतो. त्याच वर्षी विमा नियामक प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विमा कंपन्यांना जामीन-विमापत्रे देण्याची परवानगी मिळाली (१ एप्रिल २०२२) व सरकारी खरेदीत ती बँक हमीपत्राऐवजी स्वीकारण्याची तरतूद करण्यात आली. मार्जिनपोटी रक्कम अडकून न पडता कंत्राटदारास अधिक कामे घेता यावीत, हा त्यामागील हेतू होय. साधन बँकेचे असो वा विमा कंपनीचे, मागणी होताच पैसे मिळतील हा हिताधिकाऱ्याचा भरवसा आणि ती मागणी केवळ प्रामाणिक कारणासाठीच होईल हा अर्जदाराचा भरवसा, या दोन्हींवर त्याची उपयुक्तता अवलंबून राहते. पहिला भरवसा कायद्याने बराचसा दृढ केला आहे. दुसरा करारातील शब्दांच्या अचूकपणाने व सार्वजनिक खात्यांच्या संयमानेच दृढ होऊ शकतो.